तिसऱ्या पोर्टचा लाइट

एकोणीस वर्षं मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम करते. पिंपळाखाली दिसणारी बाई, कुलूपबंद घरातून येणारा पैंजणांचा आवाज — अशा बातम्या गावोगावचे प्रतिनिधी पाठवत असतात, आणि त्या मारायचं काम माझ्याकडे असतं. कोणी पाहिलं, किती वाजता, तिथे आणखी कोण होतं... हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक बातम्या तिथेच संपतात. पुढचा मजकूर मी स्वतःला तेच तीन प्रश्न विचारून लिहिला आहे. बातमी संपली नाही, म्हणून इथे देते आहे. हिंदीत लिहिलं असतं तर ऑफिसात कोणाच्या तरी हाती लागलं असतं. मराठी आमच्याकडे घराबाहेर कोणी वाचत नाही.

ठिकाण भिलाई, टाउनशिपमधलं आईबाबांचं क्वार्टर. मी स्वतः दुर्गला पद्मनाभपुरात राहते, पण त्या आठवड्यात तिथेच मुक्कामाला होते. महिना एप्रिल, चौदा तारीख नुकतीच होऊन गेलेली. गेटवरची निळी पताका अजून उतरवली नव्हती. वेळ दुपारची. बाहेर डोळे दिपतील असं ऊन, आत कूलरची घरघर. अंधार, पाऊस, वारा यातलं काहीही नव्हतं.

बाबा स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. रिटायर होऊन सात वर्षं झाली. त्याआधीच्या डिसेंबरात त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू आणि बोलणं, दोन्ही एकदम गेलं. पाय थोडा परत आला. हात आला नाही. शब्द एकच आला — 'टाक'.

या एका शब्दावर आम्ही चार महिने घर चालवलं. बाबा 'टाक' म्हणाले की आई कूलरमध्ये पाणी टाकायची. मी चहात साखर टाकायची. बोरसीहून स्कूटीवर येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडमना वाटायचं, यांना हातातला बॉल टाकून द्यायचाय. प्रत्येक वेळी बाबा डोळे मिटून घ्यायचे आणि मान भिंतीकडे वळवायचे.

मॅडमनी मार्चमध्येच स्पष्ट सांगितलं होतं, "हाथ में जान आ सकती है, पर अंकलजी कोशिश ही नहीं करते. इनको कोई ऐसा काम दीजिए जो ये खुद करना चाहें. और देर मत कीजिए, यही महीने हैं."

माझा धाकटा भाऊ पंकज — घरात बबलू — पुण्यात एका बँकेचं नेटवर्क सांभाळतो. तो दहा दिवसांची रजा काढून आला होता. बाबांना गेम खेळायला बसवायची कल्पना त्याची.

हा गेम म्हणजे रणगाड्यांची लढाई. बबलू शाळेत असताना आमच्याकडे दोन कॉम्प्युटर होते, एक त्याचा आणि एक बाबांनी जुना घेतलेला. दर रविवारी जेवणं झाली की बापलेक दोन खोल्यांत बसून एकमेकांवर तोफा डागायचे. तिसरे खेळाडू शेजारच्या क्वार्टरमधले गजभिये काका. बाबांच्याच खात्यात इलेक्ट्रिशियन, बाबांचे जिगरी दोस्त, बाबा त्यांना गज्जू म्हणत. काकांनी व्हरांड्याच्या भिंतीवरून स्वतःच्या घरापर्यंत एक केबल ओढली होती. तिन्ही केबल आमच्या पॅसेजमध्ये, दाराच्या चौकटीच्या वर ठोकलेल्या फळीवर एका पांढऱ्या डबीत येऊन मिळायच्या. त्या डबीला हब म्हणतात. प्रत्येक केबलसाठी तिला एक खाच, म्हणजे पोर्ट. आणि पोर्टच्या वर एक बारीक हिरवा लाइट.

काकांची खेळायची पद्धत ठरलेली. आल्या आल्या चॅटमध्ये जे आणि बी ही दोन अक्षरं टाइप करायची — जयभीम. मग त्यांचा रणगाडा बाबांच्या रणगाड्याभोवती एक पूर्ण चक्कर मारायचा. त्यानंतर युद्ध. खेळ संपला की भिंतीवरून ओरडायचे, "लाइन क्लिअर!" हा प्लांटमधला शब्द. काम झालं, माणसं बाजूला झाली, आता करंट सोडायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ.

काका वारून अकरा वर्षं झाली. त्यानंतर गेम बंदच होता.

दोन्ही जुने कॉम्प्युटर आईने जुन्या साड्यांत गुंडाळून ठेवले होते. बबलूने ते काढले, पुसले, सुरू केले. दोन्ही सुरू झाले, गेमही उघडला. तिथून पुढचे तीन दिवस माझ्या वहीत आहेत. मला नोंदी ठेवायची सवय आहे. बबलूला ती सहन होत नाही.

"ताई, तू लिहू नको नं हे. मले वाटते माह्यावर एफआयआर लिहून राहिली."

"काय केलं ते लिहिलं नाही तर तेच परत करशील."

"मी नेटवर्क इंजिनियर हाओ, ताई."

"मग चालव."

त्याने हबकडे पाहिलंही नाही. 'म्युझियम पीस' म्हणाला. इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरला नवीन केबलने दोन्ही कॉम्प्युटर जोडले. एका मशीनवरून दुसऱ्याला हाक मारून पाहिली — याला पिंग म्हणतात — तर उत्तर लगेच येत होतं. गेम उघडला की मात्र बाबांच्या स्क्रीनवर 'सर्चिंग', आणि खाली रिकामी चौकट. बबलूने आपल्या खोलीतून गेम सुरू करून ठेवलेला, पण बाबांच्या यादीत तो येईचना.

फायरवॉल बंद केली. नाही. दोन्ही मशीनचा वर्कग्रुप एक केला. नाही. मशीनचे नंबर हाताने टाकले. नाही. गेम दोन्हीकडे पुसून परत टाकला. नाही. बाबांच्या मशीनवरून सुरू करून बबलूच्या मशीनवर शोधला. नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो सुपेलाच्या बाजारातून नवीन नेटवर्क स्विच, म्हणजे हबचाच आजचा अवतार, घेऊन आला, त्याला जोडलं. नाही. पॉवर कट दोन वेळा. प्रत्येक वेळी दोन्ही मशीन उठायला सात मिनिटं. माझ्या वहीत त्या दोन पानांवर 'नाही' हा शब्द एकतीस वेळा आहे.

"कावून नाही दिसून राहिलं बे!" बबलू स्क्रीनवर ओरडला.

"पिंग तर होऊन राहिलं नं?"

"तेच तर! हाक मारली का ओ देतात. गेममध्ये गेलं का... कौन तू, कौन मैं."

आई दारातून म्हणाली, "नवरा-बायको असतील मग ते. आणि बबल्या, हे वायर आडवं कावून टाकलं? एक जण बिछान्यावर हायेच, आता मले पाडतं का?"

बाबा खुर्चीत होते, उजवा पाय स्टुलावर. म्हणाले, "टाक."

"टाकलीच हाय नं केबल, बाबा! किती टाकू?"

बबलूचा आवाज चढला होता. बाबांनी डोळे मिटले, मान भिंतीकडे. माझाही संयम संपला होता. या तीन दिवसांत बाबांनी स्ट्रोकनंतर पहिल्यांदा एखाद्या गोष्टीकडे एकटक पाहिलं होतं. त्या रिकाम्या चौकटीकडे. आणि आम्हाला त्यात एक ओळ आणता येत नव्हती. बबलूची गाडी चौथ्या दिवशी संध्याकाळची होती.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर बबलूला वाटलं, हा गेम इतका जुना आहे की त्याला जुना हबच लागत असेल. आईने बाबांचा पाय अलगद उशीवर घेतला. बबलू स्टूल घेऊन पॅसेजमध्ये गेला, वर चढला, आणि थांबला.

हबच्या अॅडॉप्टरचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवलेला होता. त्याची वायर शेजारच्या खिळ्याला बाइंडिंग वायरने बांधलेली, आणि त्याच वायरीत एक लाल पुठ्ठा अडकवलेला. धूळ पुसून बबलूने मोठ्याने वाचलं, "आदमी काम पर हैं, चालू न करें. नंबर सहा सौ अठरा. काम — केबल बदली. नाम... गजभिये."

हा प्लांटमधला टॅग. कुठल्याही लाइनवर काम करायचं असेल तर ती बंद करून स्विचला टॅग लावतात. पुठ्ठ्याचा खालचा तुकडा फाडून काम करणाऱ्याने खिशात ठेवायचा. दोन्हींवर नंबर एकच. काम झालं की खालच्या तुकड्यावर वेळ आणि सही करून त्यानेच तो आणायचा, वरच्याशी जुळवायचा आणि टॅग उतरवायचा. ज्याने लावला त्यानेच. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग साहेब असो की आणखी कोणी. आमच्या लहानपणी घरातला मिक्सर उघडला तरी बाबा कागदाचा टॅग लावत. आई वैतागायची, पण हात लावायची नाही.

"पक्कड दे, ताई," बबलू म्हणाला. वायरीचे पीळ पक्कडीनेच दिलेले होते, हाताने सुटत नव्हते.

खोलीतून बाबा ओरडले, "टाक! टाक!"

"हाव बाबा, टाकूनच देतो."

काहीतरी आदळलं. बाबांनी डाव्या हाताने स्टीलचा ग्लास फेकला होता. पाणी थेट पॅसेजपर्यंत आलं. मी आत धावले. ते माझ्याकडे पाहून तोच शब्द परत म्हणाले, या वेळी सावकाश, जबडा वाकडा करून. डेस्कवर मी रोज वाईट फोन लाइनवरून नावं टिपून घेते. बोलणारा काय म्हणत असेल याचा अंदाज न बांधता जे ऐकू येतं ते आधी लिहायचं, हे मी नवीन मुलांना शिकवते. बाबांच्या बाबतीत मी चार महिने ते केलं नव्हतं. शब्द 'टाक' नव्हता. 'ट्याक' होता.

"बबलू, खाली उतर. टाक नाही म्हणून राहिले ते. ट्याग म्हणून राहिले."

बाबांनी मान हलवली. मग ते रडले. आई म्हणाली, "अगंबाई... आणि मी इतके दिवस कूलर भरून राहिली."

तो टॅग कसा लागला ते मग आईने सांगितलं. तो रविवार होता. खारीने व्हरांड्यातली केबल कुरतडली म्हणून काकांनी गमतीगमतीत, पण रीतसर, प्लांटचा टॅग लावला, खालचा तुकडा खिशात घातला, आणि 'कनेक्टर घेऊन येतो' म्हणून स्कूटरवर गेले. दुकानात छातीत कळ आली म्हणून बाकावर बसले. तिथून उठले नाहीत.

मी नागपूरला गजभिये काकूंना फोन लावला. टॅगचं सांगितलं.

"खालचा तुकडा तुमच्याकडे आहे का, काकू?"

"नाही नं, बाई. खिशातच होता तो त्यायच्या. हॉस्पिटलनं कपड्याची पिशवी देली होती, मी उघडून नाही पाह्यली. तशीच त्यायच्यासोबत चितेवर गेली." मग म्हणाल्या, "भाऊजीले सांग, मी परवानगी देतो म्हणून. काढा तो."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी नकारार्थी मान हलवली.

बबलूचा तोल तिथे गेला. "मग कोणाची सही पाह्यजे, बाबा? जो माणूस नाहीच, त्याची सही कुठून आणू मी? मी दहा दिवस सुट्टी काढून आलो... तुमचा हात जाऊन राहिला, समजून राहिलं का तुमाले? हात!"

बबलूने नवीन केबल गोळा केल्या, स्विच खोक्यात भरला. भिंतीतल्या जुन्या केबल दोन्ही कॉम्प्युटरना परत खोचल्या. जसं होतं तसं. त्या केबल जाऊन मिळत होत्या त्या बंद हबमध्ये, म्हणजे कुठेच नाही.

चौथा दिवस. जेवणानंतर बाबांनी डाव्या हाताने कॉम्प्युटरकडे बोट केलं. मी त्यांचं मशीन सुरू केलं, गेम उघडून शोधायच्या स्क्रीनवर ठेवला. त्यांचा उजवा हात उचलून माउसवर ठेवला. मॅडमनी तसं सांगितलं होतं, काही होवो न होवो, नुसता ठेवा. बाण 'जॉइन'च्या बटनावर मीच नेऊन ठेवला होता, हे इथे नमूद करते. बाबांचा उजवा पाय स्टुलावर. आई खाटेवर तांदूळ निवडत होती. बबलू मागच्या खोलीत सामान भरत होता. त्याचंही मशीन सुरू होतं, कारण त्याला जुने फोटो कॉपी करायचे होते. मधल्या पॅसेजच्या दाराला पडदा, तो ओढलेला.

तीन बेचाळीसला चौकटीत एक ओळ आली.

मी वेळ पाहिली, कारण मला वाटलं बबलूने जाता जाता शेवटचा प्रयत्न केला आणि जमला. मग ओळ वाचली. रोमन अक्षरांत, सगळी मोठी — गज्जू.

"बबलू, तू होस्ट केलं का?"

"काय?"

"गेम. तू सुरू केला का?"

"मी मोजे शोधून राहिलो, ताई."

तो एका हातात मोजा घेऊन पडद्यातून आला. स्क्रीन पाहिली. त्याच्या मशीनचं नाव बबलू आहे, बाबांच्या मशीनचं मिल, प्लांटमधल्या मिलवरून ठेवलेलं. तिसरं मशीन घरात नाही.

"ये कौन है?" तो हळू आवाजात म्हणाला.

तेवढ्यात क्लिक झालं. मी बाबांच्या हाताकडेच पाहत होते. तर्जनी खाली गेली आणि वर आली. आईनेही पाहिलं, तिच्या मांडीवरचं ताट कललं आणि तांदूळ खाटेवर सांडले.

मैदान उघडलं. करडी जमीन, मध्ये बाबांचा रणगाडा. चॅटच्या पट्टीत दोन अक्षरं आली. जे, बी.

उजवीकडून एक हिरवा रणगाडा आला. बाबांच्या रणगाड्याभोवती त्याने एक पूर्ण चक्कर मारली आणि समोर थांबला. गोळी झाडली नाही. बाबांच्या रणगाड्याची तोफ डावीकडे थोडी फिरली, मग उजवीकडे. माउस हलत होता. फार नाही, बोटभर. कपाळावर घाम, खालचा ओठ दातांत. बबलूच्या हातात मोजा तसाच.

हे सहा मिनिटं चाललं. मग चॅटच्या पट्टीत शेवटची ओळ आली — लाइन क्लिअर. होस्ट बाहेर गेल्याची सूचना आली आणि स्क्रीन परत यादीवर. यादी रिकामी.

बबलू पडदा सारून पॅसेजमध्ये धावला. मी मागोमाग.

प्लग सॉकेटमध्ये होता. स्विच चालू. हबवर तीन हिरवे लाइट — पहिला बाबांचा, दुसरा बबलूचा, आणि तिसरा. आम्ही पाहत असताना तिसरा विझला. फोन दोघांच्याही खिशात होते. फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नाही. ही चूक मी डेस्कवर आजवर कोणाला माफ केलेली नाही.

"हा लाइट लागत नाही, ताई," बबलू म्हणाला. तो भिंतीला टेकला होता. "दुसऱ्या टोकाले चालू मशीन असल्याबिगर लागतच नाही. हो ही नहीं सकता."

आम्ही व्हरांड्यात जाऊन दुसरं टोक पाहिलं. तिसरी केबल भिंतीतून बाहेर येऊन वीतभर लोंबते आणि तिथे तुटलेली आहे. तांब्याच्या तारांवर हिरवी बुरशी. शेजारचं क्वार्टर वर्षभरापासून रिकामं आणि सील केलेलं.

परत आल्यावर मी स्टूल आणून वर चढले. बाइंडिंग वायर सरळ केलेली, घडी घालून हबच्या बाजूला ठेवलेली. तिच्याखाली लाल पुठ्ठा. पुठ्ठ्याखाली दुसरा, अर्ध्या आकाराचा. फाटलेल्या कडा एकमेकींशी जुळत होत्या. नंबर सहाशे अठरा. 'काम पूर्ण' या रकान्यासमोर सही, वेळेच्या जागी १५.४०. तारखेची जागा कोरी.

मी बबलूला तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. तिन्ही वेळा त्याने नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो चिडला. स्टुलाशिवाय त्या फळीपर्यंत त्याचा हात पोचत नाही, आणि स्टूल पूर्ण वेळ बाबांच्या पायाखाली होतं. सुटकेसवर चढता येतं, हेही मी बोलून दाखवलं. सुटकेस उघडी होती, अर्धी भरलेली. आईचे गुडघे तिला पायरी चढू देत नाहीत. बाबा खुर्चीतून उठले नव्हते. मी उठले नव्हते... म्हणजे उठले नव्हते असं मी सांगते आहे, आणि वाचणाऱ्याने माझ्यावरही विश्वास का ठेवावा, हा प्रश्न रास्त आहे.

तो तुकडा अकरा वर्षं घरातच असावा, काकांनी तो खिशात घातलाच नसावा, असंही मी धरून पाहिलं. पण मग काम झालेलं नसताना त्यांनी 'पूर्ण'वर सही का केली? प्लांटमध्ये आयुष्यभर टॅग लावणारा माणूस ती करणार नाही, असं बाबांच्या खात्यातल्या दोघांनी मला सांगितलं. मी त्यांना बाकीचं सांगितलं नव्हतं.

दोन्ही तुकड्यांचा फोटो काकूंना पाठवला. त्यांचा फोन तासाभराने आला.

"सही त्यायचीच हाय," त्या म्हणाल्या. "वेळ असीच लिहायचे ते. घरात बी पंधरा चाळीसच म्हणायचे, तीन चाळीस नाही म्हटलं कधी." मग विचारलं, "पण तारीख कावून नाही टाकली त्यायनं?"

मी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला.

बबलूची गाडी त्याच संध्याकाळी होती. निघताना तो बाबांच्या पाया पडला. आदल्या दिवशी ओरडल्याबद्दल त्याला काही बोलायचं होतं, पण जमलं नाही, "बाबा, मी..." एवढंच म्हणाला. बाबांनी उजवा हात मांडीवरून उचलला. चार बोटं उचलला असेल. बबलूच्या मनगटावर ठेवला.

"किलर," ते म्हणाले.

आई म्हणाली, "काय म्हणून राहिले? कूलर?"

"नाही, आई," बबलू म्हणाला. "क्लिअर."

मॅडमनी दुसऱ्या दिवशी बोट तपासलं आणि परत परत हलवायला लावलं. असं कधीकधी होतं, अचानक होतं, असं त्या म्हणाल्या. खरंही असेल. बाबा आता उजव्या हाताने चमचा धरतात. शब्द चौदा झाले आहेत. मी वहीत लिहून ठेवते, आधी ऐकू येतं तसं आणि मग अर्थ.

बबलू पुण्याहून फोन करतो तेव्हा कधीकधी मध्येच विचारतो, ताई, त्या हबचं मॉडेल काय होतं, केबल कुठून गेली होती, शेजारी कोणी वायफाय वगैरे... मी सांगते. तो म्हणतो, "नाही होत यार, नाही होत." आणि दुसरं बोलायला लागतो. माझ्या वहीतल्या त्या शेवटच्या पानावर वेळा आहेत, नावं आहेत, कोण कुठे बसलं होतं त्याचा नकाशा आहे. बातमी कशी झाली, ते नाही. मी ती प्रत कित्येकदा तपासली आहे. मारता येत नाही आणि छापताही येत नाही.

हबवर आता कुठलाही टॅग नाही. म्हणजे नियमाप्रमाणे स्विचला कोणीही हात लावू शकतं. वीजबिलाच्या नावाने आई कुरकुरते, पण तीही लावत नाही. दोन्ही कॉम्प्युटरही आम्ही बंद केलेले नाहीत, म्हणून दोन हिरवे लाइट दिवसरात्र चालू असतात, तिसरा त्यानंतर लागलेला नाही. हब आम्ही चालू केला नव्हता, त्यामुळे बंद करणारे आम्ही कोण, असं काहीसं आहे.